तुमचे प्रश्न : पहिलीच्या आधीची शाळा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की तीन वर्षाचं मूल "अजून लहान आहे" म्हणून घरात ठेवू नका, जवळच्या अंगणवाडीत घाला आणि तिथं काय चालतं ते एकदा स्वतः जाऊन बघा. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं भरपूर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पण आले. सगळे छापता येत नाहीत, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई नमस्कार. आमचं गाव जांबोटीच्या बाजूला. मुलगी चार वर्षाची, अंगणवाडीला जाते, खरं वर्ष झालं तिला अजून अ आ पण येत नाही. जाते, गाणी म्हणते, भात खाते, झोपते आणि घरी येते. माझ्या जावेचा मुलगा बेळगावात एलकेजीला आहे, तो ए टू झेड लिहितो. सासूबाई म्हणतात पोरीला तिकडंच ठेवूया. काय करू? — एक आई, खानापूर तालुका

मुलीला बेळगावला ठेवू नका, हे आधी सांगते. चार वर्षाच्या पोरीला आईपासून लांब ठेवून जे मिळेल त्यापेक्षा जे जाईल ते फार जास्त आहे.

आता अ आ चं. चार वर्षाच्या मुलाला अक्षर येत नाही यात काळजी करण्यासारखं काही नाही. काळजी कशाची करायची, तर ती बोलते का, प्रश्न विचारते का, दुसऱ्या पोरांच्यात मिसळते का, सांगितलेली गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगते का, याची. शिक्षण ते आहे. अक्षर त्याच्यावर बसतं, खाली काही नसेल तर अक्षर पण टिकत नाही.

एक बघितलेलं सांगते. तुमच्याच भागातल्या एका अंगणवाडीत टीचरनी सतरंजीवर चिंचोके ओतले होते आणि एका पोराला म्हणाल्या, मला पाच दे. त्यानं मूठभर उचलून दिले. त्या रागावल्या नाहीत, त्याच्याच हातावर एकेक ठेवत मोजलं, परत मागितले. आता त्यानं चार ठेवले आणि थांबला, तळहाताकडं बघत राहिला, शेजारच्या पोरीनं हळूच एक सरकवला तर म्हणतो, नको, मी देतो. आणि स्वतः एक उचलून ठेवला. बास, एवढंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल पोरं चिंचोक्यांनी खेळतायत. पण एक ते पन्नास घडाघडा म्हणणारी पोरं मी ढीगभर बघितलीत ज्यांना सात पेन्सिली उचलून दे म्हटलं तर देता येत नाहीत. पाच म्हणजे किती हे त्या पोराला त्या दिवशी कळलं, आणि ते एकदा कळलं की पुढची बेरीज-वजाबाकी सोपी जाते. गाण्याचं पण तसंच. गाण्यात एकसारखे आवाज ओळखायला शिकलेलं मूल पुढं वाचायला लवकर शिकतं, म्हणून "नुसती गाणी म्हणते" असं म्हणू नका.

भाताबद्दल पण नुसता भात म्हणू नका. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी ही अंगणवाडीची योजना सुरू झाली, त्यातलं एक आपल्या कर्नाटकातलंच, म्हैसूर जिल्ह्यातलं टी. नरसीपूर. तेव्हापासून खाऊ, लसीकरण, तपासणी आणि शाळेआधीचं शिक्षण हे सगळं एकाच छपराखाली ठेवलंय, कारण उपाशी पोराला काही शिकवता येत नाही. पाच वर्षांच्या आतली साधारण 35 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आहेत, देशात पण आणि कर्नाटकात पण, हे सरकारच्याच 2019-21 च्या पाहणीत आलंय. उंची खुंटते तेव्हा नुसती उंची खुंटत नाही, शिकणं पण मागं पडतं.

खरं तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. "गाणी म्हणते, खाते, झोपते." मध्ये आणखी काही घडतच नसेल तर ते विचारायला पाहिजे. शिक्षण हा त्या योजनेचाच भाग आहे, टीचरनी मेहरबानी म्हणून करायची गोष्ट नाही. आपल्याकडं त्यासाठी चिलीपिली नावाची कृतिपुस्तकं आहेत, ती पोरांच्या हातात येतात का बघा. खेळणी कपाटात कुलूप लावून ठेवलीयत का बघा, पुष्कळ ठिकाणी मोडतील म्हणून ठेवलेली असतात, आणि पोरं मोठी होऊन निघून जातात. अंगणवाडीची बालविकास समिती असते, तिच्यात आया असतात, तुम्ही पण जा. आणि जाताना भांडायला म्हणून जाऊ नका. त्या टीचरला सर्व्हे, रजिस्टरं, मोबाईलवर रोजची माहिती भरणं, लसीकरणाची बोलावणी, निवडणुकीची कामं, एवढं सगळं मानधनावर करायला लागतं. त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे सुद्धा 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. आठवड्यातनं एक दिवस दोन आयांनी जाऊन तासभर पोरांना सांभाळलं तरी त्या बाईला शिकवायला हात मोकळा मिळतो.

मुलगा साडेतीन वर्षाचा. शहापूरमध्ये राहतो. इंग्लिश मीडियमला नर्सरीत घातलाय. रोज चार पानं लिहायला देतात, रात्री नऊपर्यंत मिसेस त्याला घेऊन बसते, तो रडतो, ती पण रडते. शाळेत सांगितलं तर म्हणतात बाकीची मुलं करतात, तुमचाच मागं आहे. आम्ही काय चुकतोय का? — एक वडील, बेळगाव

तुम्ही दोघं काही चुकत नाही, आणि तुमचा मुलगा मागं पण नाही.

साडेतीन वर्षाच्या मुलाचा हात अजून तयार व्हायचा असतो. मनगट, बोटं, अंगठा, ही सगळी पकड माती मळून, कणकेचे गोळे करून, मणी ओवून, कागद फाडून, पाणी या भांड्यातनं त्या भांड्यात ओतून येते. आधी ती आली की पेन्सिल आपोआप बसते, आणि ती यायच्या आधी पेन्सिल दिली तर मूल ती मुठीत धरून दाबतं, हात दुखतो, आणि लिहिणं म्हणजे त्रास हे पक्कं डोक्यात बसतं. हा राग मग चौथी-पाचवीपर्यंत जात नाही, बघितलंय मी.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, तीन वर्षं अंगणवाडी किंवा बालवाडी आणि मग पहिली-दुसरी, आणि सगळं खेळातनं, कृतीतनं. मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षाच्या आत होते हे त्याच धोरणात लिहिलंय. आता गंमत अशी झाली की लोकांनी हे वाक्य वाचून उलटंच केलं, मेंदू वाढतोय ना मग आत्ताच भरा, दोन भाषा, टेबल्स, स्पेलिंग. वाढ होते ती बोलण्यातनं, खेळण्यातनं, झोपेतनं, मायेतनं होते. चार पानांनी नाही होत.

आजपासून एक करा. घरी लिहून घेणं बंद. वहीत नम्रपणे एक ओळ लिहून पाठवा की आम्ही घरी लेखन घेणार नाही, त्याला रोज गोष्ट सांगू. शाळेनं ऐकलं तर उत्तम. "तुमचाच मागं आहे" हे मुलाच्या समोर परत म्हणाले तर मात्र दुसरी जागा शोधा, फी भरली म्हणून थांबू नका. आणि पुढं पहिलीच्या अ‍ॅडमिशनला शाळेला मुलाची परीक्षा किंवा तुमची मुलाखत घेता येत नाही, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 13 मध्ये बंदी आहे आणि दंड पण आहे, त्यामुळं "आत्ता लिहायला नाही आलं तर पहिलीत घेणार नाहीत" ही भीती मनातनं काढून टाका.

आमच्या वाडीत सगळी मराठी बोलणारी. अंगणवाडीच्या टीचर कन्नड आहेत, स्वभावानं चांगल्या आहेत, खरं पोरांना त्यांचं कळत नाही. माझी नात तिथं गप्पच बसते, घरात मात्र तोंड बंद नसतं. पुढं मराठी शाळेत घालायचंय. आत्ता काय करावं? — एक आजी, बेळगाव तालुका

आजी, नात घरी बोलते म्हणजे तिच्यात काही कमी नाही, तिला तिथं शब्द सापडत नाहीयेत एवढंच आहे. पण हे "एवढंच" म्हणून सोडायचं पण नाही, कारण तीन-चार वर्षाचं मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत प्रश्न विचारतं. प्रश्न विचारायचं बंद झालं की शिकणं बंद झालं. 2022 ला लहान मुलांसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यात पण या वयात घरच्या भाषेतच शिकवा असं सांगितलंय. मराठी असो, खानापूरच्या कोकणी घरातलं मूल असो, की निपाणीच्या मराठी गल्लीतलं कन्नड बोलणारं एखादं मूल असो, सगळ्यांना हे सारखंच लागू आहे.

म्हणून पहिलं हे करा. तुम्हीच जा. आठवड्यातनं दोनदा, सकाळी, भात व्हायच्या आधी. ओव्या म्हणा, बडबडगीतं म्हणा, कोल्ह्याची गोष्ट सांगा, टीचरना पण ऐकू दे. त्या टीचरना पोरांची शंभरएक मराठी वाक्यं आली ना, पाणी पाहिजे, पोट दुखतंय, माझं झालं, मला दे, तर निम्मं काम होतं, आणि बहुतेक बायका ते आनंदानं शिकतात. कन्नड गाणी पण राहू देत. लहान मुलं दोन-तीन भाषा सहज पेलतात, आपल्या भागात तर बाजारात जाऊन आलं तरी तीन भाषा कानावर पडतात, त्याचं भय नको. घरची भाषा काढून घेऊन दुसरी द्यायला मात्र नको, तिच्या जोडीला दुसरी दिली पाहिजे.

दुसरं, लेखी. वाडीतल्या आयांच्या सह्या घेऊन सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसला अर्ज द्या की मराठी बोलता येणारी टीचर किंवा निदान मदतनीस द्या. घटनेचं कलम 350 अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतनं शिकायची सोय करायला राज्याला सांगतं, 1956 पासनं आहे ते. त्यात अंगणवाडीचं नाव नाही, प्राथमिक म्हटलंय, हे खरं. पण मागणीला आधार म्हणून लिहा. आणि त्या टीचरबद्दल वाईट काही लिहू नका, भाषेची सोय मागा, माणसाला हलवा असं मागू नका.

मी निपाणीजवळच्या खेड्यातनं तंबाखूच्या वखारीत कामाला येते. मालक बारक्याला आणू देत नाही, आणि आणलं तरी धुरळ्यात कुठं ठेवायचं. दोन वर्षाचा आहे. मोठी पोरगी तिसरीत आहे ती त्याला सांभाळते, मग शाळा बुडते. मास्तर ओरडालेत. नवरा ऊसतोडीला जातो. काय मार्ग आहे का?

हे पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. लहान मुलांच्या शिक्षणावर बोलताना आपण त्या लहान मुलाचंच बोलतो, आणि त्याला कडेवर घेऊन दारात उभी असलेली आठ वर्षाची बहीण कुणाला दिसतच नाही. जगातल्या सगळ्या गरीब मुलखात हेच चाललंय, पाळणाघर नाही म्हणून मोठ्या पोरीची शाळा सुटते. म्हणजे बारक्यासाठी सोय झाली तर दोन मुलं शिकतात.

आधी ताबडतोबीचं. बारक्या तीन वर्षाचा झाला की अंगणवाडीत दिवसाचे काही तास निघतील, पण तोवर त्याचं नाव आत्ताच तिथं नोंदवा. सहा वर्षाखालच्या सगळ्या मुलांची नोंद तिथं होते, तीनच्या आतल्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लस होते. मग ग्रामपंचायतीत जाऊन "कूसिन मने" आपल्या पंचायतीत आहे का हे विचारा. कामाला जाणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी पंचायतीनं चालवायचं पाळणाघर आहे ते, राज्य सरकारनं 2023-24 च्या बजेटमध्ये चार हजार ग्रामपंचायतींसाठी जाहीर केलेलं. मुख्यतः उद्योग खात्रीवर, म्हणजे रोजगार हमीच्या कामाला, जाणाऱ्यांसाठी आहे, म्हणून पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) कदाचित तसं म्हणतील, तरी विचारा, आणि एकटीनं विचारू नका, वखारीला जाणाऱ्या तुमच्या गावातल्या सगळ्या बायका मिळून जा. पंचायतीला एकटी बाई परत पाठवता येते, पंधराजणी आल्या तर खुर्च्या द्यायला लागतात. वखारीच्या मालकाकडं पण हाच विषय काढा. बायका कामाला असतील तिथं पाळणाघर हे आपल्या देशात 1948 च्या कारखाना कायद्यापासनं आहे, किती कामगारांना लागू याचे आकडे बदलत आलेत, ते युनियनला किंवा लेबर ऑफिसला विचारून घ्या, पण मागणी नवीन नाही आणि लाजायची पण नाही.

शाळेतल्या मास्तरांना खरी अडचण सांगा. पोरगी आळशी नाही हे त्यांना कळू दे. मधल्या काळात शेजारची एखादी म्हातारी बाई असेल, तिला तुम्ही चार-पाचजणींनी मिळून थोडे थोडे पैसे देऊन पोरं सांभाळायला ठेवता येतील का बघा, आमच्याकडं काही गल्ल्यांत बायकांच्या संघांनी हे केलंय.

नवरा ऊसतोडीला जाताना घर हलत असेल, पोरं बरोबर जात असतील तर तिथल्या अंगणवाडीत त्यांना बसवता येतं, कारखान्याच्या परिसरात कुठली जवळ आहे ते पोचल्या दिवशीच विचारा, तायी कार्ड (गरोदरपणात मिळालेलं आईचं कार्ड) आणि लसीचं कार्ड पिशवीत ठेवा.

आणि एक सांगते, हे डॉक्टर पण सांगतील. वखारीतनं आल्यावर लुगडं बदला, हात-तोंड साबणानं धुवा, मगच बारक्याला घ्या. तंबाखूची धूळ लहान मुलाला बाधते. मग त्याला मांडीवर घेऊन भाकरी थापताना जे बोलाल ते सगळं त्याच्यासाठी शिक्षण आहे, हे पीठ, हे पाणी, हे गरम, ही मोठी भाकरी, ही बारकी तुझी. त्याला उत्तर देऊ दे, "बा" म्हटला तरी ते उत्तर आहे, तुम्ही परत बोला.

मुलगा तीन वर्षाचा होत आला, आई-बाबा-पाणी एवढंच बोलतो. आजी म्हणते त्याचा बाप पण उशिरा बोलला. थांबू का? — चिकोडी

थांबू नका. बाप उशिरा बोलला असेल, पण तो हिशोब तपासणी झाल्यावर करा. दोन वर्षाचं मूल साधारण दोन शब्द जोडून बोलतं, तीनला छोटी वाक्यं येतात. सगळ्यात आधी कान तपासा. ऐकूच कमी येत असेल तर बोलणार कसं, आणि घरच्यांना ते कळत नाही कारण मूल इशाऱ्यावर, सवयीवर वागत असतं. भांडं पडलं तर वळतो म्हणून ऐकू येतं असं धरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासनं आहे, त्याची डॉक्टरांची टीम वर्षातनं दोनदा अंगणवाडीत येते, पण तोवर वाट बघायची गरज नाही, टीचरकडनं किंवा आशाताईकडनं चिठ्ठी घेऊन बेळगावच्या जिल्हा हॉस्पिटलला जा, या तपासण्या तिथं फुकट होतात. लवकर कळलं तर मशीन, थेरपी सगळ्याचा उपयोग होतो, सहा-सात वर्षाच्या वयानंतर तेवढा होत नाही. आणि अंगणवाडीत घालणं बंद करू नका, अशा मुलाला तर दुसऱ्या पोरांची जास्तच गरज असते.

दोन वर्षाची मुलगी मोबाईलशिवाय जेवत नाही.

बरीच पत्रं या एका वाक्याची आलीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन दाखवूच नका, दोन ते चारच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी तेवढं चांगलं. जेवताना मोबाईल बंद करा, तीन-चार दिवस रडेल, कमी खाईल, उपाशी राहणार नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवायला लागेल, आजोबांनी गुपचूप दिला तर रडं परत पहिल्यापासनं.

आम्ही खानापूरचे कॉलेजचे मुलं-मुली आहोत. एनएसएसमध्ये लहान मुलांच्या शिक्षणाबद्दल जागृती करा असं सांगितलंय. विकसनशील देशांत ही मोठी समस्या आहे असं नेटवर येतं. नक्की किती मोठी आहे, बाकीच्या देशांनी काय केलं, आणि आमच्यासारख्यांनी गावात काय करावं? प्रभातफेरी काढायचं चाललंय.

फार बरं वाटलं हा प्रश्न बघून.

किती मोठी, तर युनिसेफनं 2019 ला हिशोब मांडला होता, शाळेआधीच्या शिक्षणापासनं जगात 17.5 कोटींहून जास्त मुलं बाहेर होती, आणि सगळ्यात गरीब देशांत पाचातलं एकच मूल आत होतं. त्याआधी 2016 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलं की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पाच वर्षाखालची 25 कोटी मुलं, म्हणजे 43 टक्के, आपल्या कुवतीएवढी वाढूच शकणार नाहीत असा धोका आहे. कारणं दोन धरली होती, कमालीची गरिबी आणि खुंटलेली उंची. ही मुलं आफ्रिकेत आहेत तशी आपल्याकडं पण आहेत, भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांत आहेत, पावसाळ्यात ओढा भरला की अंगणवाडी आठ-आठ दिवस लांब होते त्यांना.

पैसा का मिळत नाही, तर ही मुलं मत देत नाहीत आणि परीक्षा पण देत नाहीत, निकालाची बातमी होत नाही. कॉलेज नाही म्हटलं की मोर्चा निघतो, बालवाडी नाही म्हणून मोर्चा निघालेला मी अजून बघितला नाही. नोव्हेंबर 2022 ला ताश्कंदला युनेस्कोची जागतिक परिषद झाली, तिथं देशांनी मान्य केलं की शिक्षणाच्या खर्चातला निदान 10 टक्के वाटा शाळेआधीच्या शिक्षणाला द्यायचा. 2030 पर्यंत सगळ्या मुलांना हे शिक्षण मिळायचं हे तर जगाच्या शाश्वत विकास ध्येयांतच आहे. घाना आपल्यापेक्षा लहान देश, त्यांनी 2007 मध्येच दोन वर्षांची बालवाडी सक्तीच्या मोफत शिक्षणात धरली. आपल्याकडं आरटीई सहा वर्षापासनं लागू होतो, तीन ते सहाला कलम 11 मध्ये सरकारनं सोय करावी एवढंच म्हटलंय, हक्क म्हटलेला नाही. ही उणीव मोठी आहे आणि तुम्ही पोरांनी ती लोकांना मोठ्यानं सांगावी असं मला मनापासनं वाटतं.

बाकीच्या देशांतलं मला सगळ्यात आवडतं ते जमैकाचं. 1986-87 च्या सुमाराला किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली 129 बुटकी राहिलेली लहान मुलं घेतली होती. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, वस्तीपातळीवरची आरोग्यसेविका जायची. आपल्या आशाताईसारखी समजा. बरोबर घरीच केलेली खेळणी, बाटल्या, झाकणं, पुठ्ठे, असलं. ती मुलाला शिकवायची नाही, आईला दाखवायची की मुलाशी असं खेळ, असं बोल, असं नाव सांग, आणि खेळणी आठवडाभर ठेवून जायची. वीस वर्षांनी त्या मुलांना परत शोधून काढलं तर ज्यांच्या घरी ती बाई गेली होती ती मुलं बाकीच्यांपेक्षा 25 टक्के जास्त कमवत होती. बिल्डिंग नाही, कॉम्प्युटर नाही, आठवड्याचा एक तास.

आणि परक्या देशाचं कशाला, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि पुढं तिथल्याच कोसबाडला, आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांच्या अंगणात बालवाडी नेली, जनावरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. साधन काय, तर पानं, फुलं, बिया, शंख. आपल्या खानापुरात पानं-बिया कमी आहेत काय?

म्हणून प्रभातफेरी काढा हवी तर, पण तिच्यावर थांबू नका. बॅनर बघून कुठल्या आईनं पोर अंगणवाडीत घातलेलं मला आठवत नाही. त्यापेक्षा एक गाव घ्या. अंगणवाडीच्या टीचरकडनं तीन ते सहा वर्षाच्या मुलांची यादी घ्या आणि जी येत नाहीत त्यांच्या घरी जा, संध्याकाळी, बाप घरात असताना, कारण निर्णय पुष्कळदा त्याचा असतो आणि आपण नेहमी आयांनाच सांगून येतो. का येत नाही हे विचारा आणि गप्प बसून ऐका. कुणी सांगेल लांब आहे, कुणी सांगेल रस्त्यात कुत्री आहेत, कुणाला वाटत असेल तिथं फक्त भात मिळतो आणि आम्ही काय भाताला महाग आहोत काय. प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर लागतं. लांब असेल तर दोन आयांनी आळीपाळीनं पोरं नेता येतात, अपमान वाटत असेल तर त्या बाईला आत बसवून तासभर काय चालतं ते दाखवायला लागतं.

मग सुट्टीत खेळणी करा. चिंचोके, करवंट्या, बांबूचे तुकडे, जुन्या साड्यांच्या बाहुल्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं. लहान मण्यांसारखं काही दोन वर्षाच्या पोरांच्या हातात देऊ नका, नाकात घालतात. तुमच्यातल्या ज्यांना गोष्ट सांगता येते त्यांनी दर शनिवारी अंगणवाडीत जाऊन गोष्ट सांगा, वर्षभर तेच दोघं-तिघं जा, दरवेळी नवीन चेहरे नकोत, पोरं बुजतात.

आणि ग्रामसभेला जा. तिथं अंगणवाडीचा विषय कुणी काढतच नाही, गटार आणि रस्त्यावरच संपतं. स्वतःची इमारत आहे का, पाणी, संडास, कुंपण आहे का, टीचर-मदतनीस दोन्ही जागा भरल्यात का, एवढं विचारा आणि ठरावात लिहायला लावा. एखाद्या वस्तीत अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षाखालची 40 मुलं असतील तर मागितल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची असं सुप्रीम कोर्टानं 13 डिसेंबर 2006 ला सांगितलंय. वाडी लहान असेल तर मिनी अंगणवाडीची मागणी करता येते. अर्ज कन्नडमध्ये आणि मराठीत दोन्हीत लिहा, मुलांची नावं-वयं जोडा, सीडीपीओ ऑफिसात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत कॉलेजात न ठेवता वाडीतल्याच एखाद्या आईकडं ठेवायला द्या, तुम्ही पास होऊन गेलात तरी पुढं विचारायला कुणीतरी राहील.